मांडवीचे डॉक्टर

मुंबईत धोबीतलावाच्या भागात, मेट्रो चित्रपटगृहासमोर, एका गृहस्थांचा पूर्णाकृती पुतळा उभा आहे. त्याच्या आसपास दिवसभर वाहनांची आणि माणसांची वर्दळ चालू असते. हे गृहस्थ राजे नव्हते, सेनापती नव्हते, की मोठे धनिकही नव्हते. मुंबईच्या एका दाट वस्तीत वर्षानुवर्षे रोग्यांना औषधपाणी देणारे ते एक डॉक्टर होते. ज्या सत्यामुळे सारे शहर हादरून जाईल, ते सत्य ओळखताच त्यांनी निर्भयपणे बोलून दाखविले. त्यांचे नाव डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस.

डॉ. व्हिएगस यांचा जन्म १ एप्रिल १८५६ रोजी गोव्यातील बारदेश तालुक्यात हडफडे या गावी झाला. त्या काळी विद्येसाठी व उदरनिर्वाहासाठी गोव्याची पुष्कळ मंडळी मुंबईची वाट धरीत. व्हिएगसही त्याच वाटेने मुंबईस आले. सेंट झेवियर्स या शिक्षणसंस्थेत त्यांनी विद्याभ्यास केला आणि पुढे ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला. १८८० साली ते वैद्यकीय परीक्षा उत्तीर्ण झाले. आपल्या व्यवसायासाठी त्यांनी जी वस्ती निवडली ती होती मांडवी.

मांडवी हा मुंबई बंदरालगतचा जुना व्यापारी भाग. गोदीत उतरणारे धान्य येथल्या वखारींत साठविले जाई. वखारींच्या आजूबाजूला व कित्येक ठिकाणी वखारींच्या माथ्यावरच माणसे राहात असत. हमाल, गाडीवान, गुमास्ते, किरकोळ दुकानदार अशा लोकांची कुटुंबे एकेका अंधाऱ्या खोलीत दाटीवाटीने संसार करीत. गल्ल्या अरुंद आणि गटारे तुंबलेली. घरात उजेड नाही, वारा नाही. धान्याच्या पोत्यांमुळे उंदरांचा मात्र सुकाळ! अशा वस्तीत डॉक्टरांना काम कधी कमी पडत नसे. रोग्याच्या घरी जावे, अंधारात दिवा धरून त्याला तपासावे, घरच्यांना धीर द्यावा, हा डॉ. व्हिएगस यांचा नित्यक्रम झाला.

अशा ठिकाणी नुसत्या औषधाने भागत नाही, हे त्यांच्या ध्यानात येण्यास वेळ लागला नसेल. एका रोग्यास बरे करावे, तो त्याच ओल्या, कोंदट खोलीत परत जावा आणि पुन्हा अंथरुणास खिळावा, असे चक्र जेथे चालते, तेथे डॉक्टरास घराबाहेरच्या गटाराचाही विचार करावा लागतो. गटारे, रस्ते आणि पाणी यांचा कारभार महापालिकेच्या हाती होता. १८८८ साली डॉ. व्हिएगस मांडवीतून महापालिकेवर निवडून आले. एका हातात औषधाची पेटी आणि दुसऱ्या हातात नगरसेवेचे काम, असा त्यांचा जीवनक्रम सुरू झाला.

१८९६ सालचा पावसाळा संपत आला होता. मांडवीत एक विलक्षण ताप दिसू लागला. रोग्याला एकाएकी कडकडून ताप भरे, ग्लानी येई आणि जांघेत किंवा काखेत दुखरी गाठ उठे. तीन-चार दिवसांतच पुष्कळ रोगी दगावत. कोणी त्याला साधा मुदतीचा ताप म्हणत होते, तर कोणी हवापाण्याला दोष देत होते. वखारींत उंदीर मरून पडत होते, परंतु त्या गोष्टीचा आणि माणसांच्या मृत्यूचा संबंध काय, हे कोणालाच उमगले नव्हते.

डॉ. व्हिएगस यांनी मात्र रोग्यांची लक्षणे बारकाईने पाहिली. ताप, गाठ आणि झपाट्याने येणारा मृत्यू या तिन्ही गोष्टी एकत्र जुळवून पाहता एकच निष्कर्ष निघत होता. हा ग्रंथिक सन्निपात होता, म्हणजेच प्लेग!

हा शब्द उच्चारणे सोपे नव्हते. मुंबईतील हयात डॉक्टरांपैकी बहुतेकांनी प्लेगचा रोगी कधी पाहिलेला नव्हता. मुंबई हे व्यापाराचे शहर. तिच्या गोदीतून जगातल्या नाना देशांशी मालाची देवघेव चाले. प्लेगची वार्ता फुटली, तर परदेशची बंदरे मुंबईच्या जहाजांना दारे लावतील, गिरण्या थांबतील, बाजार ओस पडतील, हे कोणालाही कळण्यासारखे होते. शिवाय निदान चुकले, तर शहरात विनाकारण घबराट माजविल्याचा ठपका त्या डॉक्टरावर येणार! गप्प राहावे, ‘विशिष्ट प्रकारचा ताप’ असे काही मोघम नाव द्यावे आणि वाट पाहावी, हा मार्ग सर्वांत सुरक्षित होता. परंतु गप्प राहण्यात जो प्रत्येक दिवस जाईल, त्या दिवशी मांडवीतल्या आणखी काही घरांत दिवा विझणार होता.

डॉ. व्हिएगस गप्प राहिले नाहीत. सप्टेंबर १८९६ मध्ये त्यांनी महापालिकेच्या स्थायी समितीपुढे स्पष्टपणे सांगितले की, मांडवीत प्लेग आला आहे. या वार्तेने शहरात एकच खळबळ उडाली. कित्येकांनी तिच्यावर विश्वास ठेवला नाही, कित्येकांना राग आला. अधिकारी मंडळी प्रारंभी जपूनच बोलत होती. परंतु सत्याला लपून राहता येत नाही. इतर वैद्यकीय तज्ज्ञांनी रोगी तपासले, तेव्हा त्यांनाही तेच निदान मान्य करावे लागले. प्लेगच्या जंतूचा शोध दोनच वर्षांपूर्वी, १८९४ साली, हाँगकाँग येथे लागला होता. ऑक्टोबर महिन्यात डॉ. वाल्डेमार हाफकिन हे जंतुशास्त्रज्ञ मुंबईस आले. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना तोच जंतू मुंबईच्या रोग्यांतही आढळला. आता शंकेस जागा उरली नाही.

त्यानंतरचे दिवस मुंबईने कधी पाहिले नव्हते. १८९१ च्या शिरगणतीप्रमाणे शहराची वस्ती सुमारे ८ लक्ष २० हजार होती. प्लेगच्या भयाने लोक आगगाडीने, गलबताने, पायी, जसे जमेल तसे गाव सोडून जाऊ लागले. १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत जवळजवळ निम्मे शहर रिकामे झाले. गिरण्यांत कामगार मिळेनात, स्मशाने आणि कबरस्ताने मात्र रात्रंदिवस जागी राहिली. त्याच वर्षी व्हेनिस येथे अनेक राष्ट्रांची परिषद भरली आणि प्लेग युरोपात शिरू नये म्हणून काय बंदोबस्त करावा, याचा विचार झाला.

सरकारने व महापालिकेने कडक उपाय योजले. गटारे धुतली गेली, घरांना चुना लावण्यात आला, रोग्यांना सक्तीने इस्पितळात हलविण्यात येऊ लागले. १८९७ साली साथीच्या रोगांसंबंधीचा कायदा झाला. उपायांमागचा हेतू रोग थांबविण्याचा होता, परंतु घरात शिरून होणाऱ्या तपासण्यांनी आणि आप्तांच्या ताटातुटीने लोक बिथरले. इस्पितळात गेलेला माणूस परत येत नाही, अशा अफवा पसरल्या. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या एका मोठ्या जमावाने आर्थर रोड इस्पितळावर हल्लाही केला. केवळ सक्तीने रोग हटत नाही, त्यास लोकांचा विश्वासही लागतो, हा धडा मुंबईला त्या वर्षी फार महाग पडून शिकावा लागला.

इकडे डॉ. हाफकिन ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील एका लहानशा प्रयोगशाळेत प्लेगची लस तयार करण्याच्या खटपटीत होते. अवघ्या तीन महिन्यांत ती सिद्ध झाली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. परंतु सामान्य माणसास लस ही रोगाइतकीच भयंकर वाटत होती. निरोगी शरीरात सुई खुपसून घ्यावयाची कशासाठी, हा त्याचा प्रश्न होता. अशा वेळी लोकांच्या ओळखीचा, त्यांच्या दुःखात घरी येणारा डॉक्टरच उपयोगी पडतो. डॉ. व्हिएगस यांनी हे काम अंगावर घेतले. त्यांनी स्वतःच्या हाताने सुमारे १८,००० लोकांना लस टोचली, असे सांगितले जाते. वस्तीतील घाण दूर व्हावी आणि उंदरांचा नायनाट व्हावा, यासाठीही त्यांनी मोहीम चालविली. सुखवस्तू लोक शहर सोडून जात असता, ज्या गल्ल्यांत मृत्यू फिरत होता त्याच गल्ल्यांत हे डॉक्टर काम करीत राहिले.

प्लेगचा प्रसार कसा होतो, हे त्या वेळी निश्चितपणे ठाऊक नव्हते. १८९८ साली पॉल लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी कराचीत प्रयोग करून दाखविले की, आजारी उंदराच्या अंगावरील पिसू हा रोग इतरांस पोहोचवते. उंदीर मेला की त्याचे अंग थंड पडते; मग भुकेली पिसू दुसरे शरीर शोधते आणि माणसाला चावते. मांडवीच्या वखारींत प्लेगने पहिला पाय का रोवला, याचा उलगडा तेव्हा झाला. प्लेग पुढे देशभर पसरला. त्याने पुढील पंचवीस वर्षांत हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक बळी घेतले. पुण्यात रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले १८९७ साली याच रोगाने मरण पावल्या.

या संकटातून मुंबईने काही कायमच्या गोष्टी मिळविल्या. १८९८ साली नगरसुधारणेसाठी एक विश्वस्त मंडळ स्थापन झाले. त्याने दाट वस्त्या मोकळ्या केल्या आणि वारा खेळेल असे रुंद रस्ते काढले. हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ साली परळ येथे गेली. तीच आजची हाफकिन संस्था होय.

डॉ. व्हिएगस यांची नगरसेवा प्लेगबरोबर संपली नाही. १९०६ साली ते मुंबई महापालिकेचे अध्यक्ष निवडले गेले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय ख्रिस्ती गृहस्थ होत. प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे असावे, असे त्यांचे मत होते. ज्ञानावाचून आरोग्य टिकत नाही, ही गोष्ट मांडवीच्या डॉक्टरास वेगळी शिकवावी लागली नाही. १९३३ साली त्यांचे निधन झाले. मुंबईने त्यांचा पुतळा उभारला आणि कावेल भागातील एका रस्त्यास त्यांचे नाव दिले.

प्लेगची लस हाफकिन यांनी शोधली, पिसवेचे रहस्य सिमाँ यांनी उलगडले. डॉ. व्हिएगस यांनी कोणताही नवा शोध लावला नाही. त्यांनी आपल्या रोग्यांकडे नीट लक्ष दिले, जे दिसले त्याचे योग्य नाव घेतले आणि ते नाव घेतल्यावर जे काम वाट्यास आले, ते पाठ न फिरविता केले. शहरावर संकट येते, तेव्हा त्यास तोंड देण्याची पहिली पायरी म्हणजे ते आले आहे हे मान्य करणे. ती पायरी मुंबईला मांडवीच्या या डॉक्टरांनी चढावयास लावली.

स्वाध्याय

१. मांडवी भागात रोगराई फैलावण्यास कोणती परिस्थिती कारणीभूत होती?
२. ‘प्लेग’ हा शब्द उच्चारणे सोपे का नव्हते? तुमच्या शब्दांत लिहा.
३. उंदीर, पिसू व माणूस यांचा प्लेगच्या प्रसाराशी असलेला संबंध स्पष्ट करा.
४. ‘केवळ सक्तीने रोग हटत नाही, त्यास लोकांचा विश्वासही लागतो.’ पाठाच्या आधारे या विधानाची चर्चा करा.
५. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : अंथरुणास खिळणे, ठपका येणे, अंगावर घेणे, पाठ फिरविणे.
६. तुमच्या गावातील किंवा वस्तीतील एखाद्या लोकोपयोगी कार्य करणाऱ्या डॉक्टरांची अथवा परिचारिकेची माहिती मिळवून दहा ओळी लिहा.