सिल्डेनाफिल आणि नायट्रेटे : दोन औषधांचा घातक संयोग

औषधाचा गुण शरीरातील ज्या क्रियेतून प्रकट होतो, त्याच क्रियेतून पुष्कळदा त्याचा धोकाही उद्भवतो. अफूपासून मिळणारे मॉर्फीन वेदना शमविते, परंतु श्वसनही मंद करते. इन्शुलिन रक्तातील साखर उतरविते, परंतु मात्रा अधिक झाल्यास रोग्याची शुद्ध हरपते. उत्थानदौर्बल्यावर दिले जाणारे सिल्डेनाफिल हे औषधही ह्या नियमास अपवाद नाही.

समागमाच्या वेळी पुरुषाच्या जननेंद्रियास पुरेशी ताठरता न येणे, अथवा आलेली ताठरता न टिकणे, ह्या विकारास उत्थानदौर्बल्य म्हणतात. वाढत्या वयात तो अधिक प्रमाणात आढळतो. मधुमेह, उच्च रक्तदाब, धूम्रपान, मज्जातंतूंचे विकार, काही औषधे आणि मनावरील ताण ही त्याची प्रमुख कारणे होत. शास्त्राच्या दृष्टीने इतर विकारांसारखाच हा एक विकार आहे. समाजात मात्र तो लज्जेचा विषय मानला जातो. त्यामुळे रोगी तो वैद्यापासून लपवितो, आणि औषध घेतलेच तर तेही लपवितो. योग्य देखरेखीखाली बव्हंशी निर्धोक असलेले हे औषध ह्या लपवालपवीमुळेच प्राणघातक ठरू शकते. ते कसे, हे समजण्यासाठी प्रथम दोन औषधांचा इतिहास पाहिला पाहिजे.

एकाच रोगासाठी शोधलेली दोन औषधे

इटलीतील तुरिन येथे आस्कानिओ सोब्रेरो ह्या रसायनशास्त्रज्ञाने १८४७ मध्ये नायट्रोग्लिसरीन प्रथम तयार केले. त्याचा अल्पसा अंश जिभेवर ठेवताच डोके विलक्षण दुखू लागते, हे त्याच्या ध्यानात आले होते. पुढे आल्फ्रेड नोबेल ह्याने ह्याच स्फोटक द्रवापासून डायनामाइट बनविले व १८६७ मध्ये त्याचे एकस्व मिळविले. त्याच वर्षी लॉडर ब्रन्टन ह्या ब्रिटिश वैद्याने हृच्छूलावर, म्हणजे ज्यास अंजायना म्हणतात त्या छातीच्या दुखण्यावर, अमिल नायट्राइटाची वाफ हुंगविल्यास उतार पडतो असे प्रसिद्ध केले. १८७९ मध्ये लंडनच्या विल्यम मरेल ह्याने नायट्रोग्लिसरीनचाही तोच गुण दाखवून दिला. उतारवयात नोबेलला स्वतःलाच हृदयविकारासाठी हे औषध सुचविले गेले, हा योगायोग प्रसिद्ध आहे.

नायट्रोग्लिसरीन नेमके कसे कार्य करते, हे पुढे जवळजवळ शंभर वर्षे कोणासही ठाऊक नव्हते. १९७७ मध्ये फेरीद मुराद ह्यांनी दाखविले की, ह्या औषधापासून नायट्रिक ऑक्साइड हा वायू सुटतो व त्यामुळे रक्तवाहिन्यांचे स्नायू शिथिल होतात. १९८० मध्ये रॉबर्ट फर्चगॉट ह्यांना असे आढळले की, रक्तवाहिनीच्या आतील अस्तरातूनही एक अज्ञात शिथिलकारी पदार्थ पाझरतो. हा पदार्थ म्हणजे नायट्रिक ऑक्साइडच होय, असा निष्कर्ष १९८६ मध्ये फर्चगॉट आणि लुईस इग्नारो ह्यांनी मांडला. ह्या संशोधनाबद्दल तिघांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

दुसऱ्या औषधाची कथा इंग्लंडच्या केन्ट परगण्यातील सँडविच ह्या गावी सुरू होते. तेथील फायझर कंपनीच्या प्रयोगशाळेत १९८९ मध्ये सिल्डेनाफिल तयार झाले. त्यामागील हेतू उच्च रक्तदाब व हृच्छूल ह्यांवर उपाय शोधणे हाच होता. हृच्छूलावर त्याचा गुण यथातथाच दिसला. परंतु चाचणीत भाग घेतलेल्या पुरुषांनी एक अनपेक्षित परिणाम सांगितला, आणि संशोधनाची दिशा बदलली. २७ मार्च १९९८ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने उत्थानदौर्बल्यावरील औषध म्हणून त्यास मान्यता दिली. व्हायग्रा हे त्याचे पहिले व्यापारी नाव. २००३ मध्ये त्याच वर्गातील व्हार्डेनाफिल व टाडालाफिल ही औषधेही अमेरिकेत मान्य झाली.

हौद, नळ आणि मोरी

जननेंद्रियास ताठरता येते ती रक्ताच्या भरतीमुळे. कामोद्दीपन झाले की तेथील मज्जातंतूंच्या टोकांतून व रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड बाहेर पडतो. त्याच्या प्रभावाने स्नायूंच्या पेशींत सायक्लिक जीएमपी नावाचा पदार्थ तयार होतो. हा पदार्थ स्नायूंना सैल होण्याचा आदेश देतो. मग रोहिण्या रुंदावतात, स्पंजासारख्या पोकळ्या रक्ताने भरतात आणि ताठरता येते. काम संपले की फॉस्फोडायएस्टरेज-५ हे एंझाइम सायक्लिक जीएमपीचा नाश करते व इंद्रिय पूर्वस्थितीस येते.

एका हौदाची कल्पना करावी. हौदातील पाणी म्हणजे सायक्लिक जीएमपी. पाणी सोडणारा नळ म्हणजे नायट्रिक ऑक्साइड. आणि पाणी वाहून नेणारी मोरी म्हणजे वर सांगितलेले एंझाइम. सिल्डेनाफिल नळ उघडत नाही. ते केवळ मोरीला बोळा घालते. म्हणून थोडे पाणी आले तरी ते साठून राहते. नळ मुळीच उघडला नाही, तर बोळा घालून काहीही साधत नाही. हे औषध कामेच्छा उत्पन्न करीत नाही व उद्दीपनावाचून कार्यही करीत नाही, ह्याचे कारण हेच.

सौम्य परिणाम

फॉस्फोडायएस्टरेज-५ हे एंझाइम शरीरातील इतर रक्तवाहिन्यांतही असते. औषधाचे नेहमीचे उपद्रव त्यातूनच उद्भवतात. मूळ चाचण्यांत औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे १६ टक्के लोकांचे डोके दुखले, १० टक्के लोकांचा चेहरा लाल व गरम झाला, ७ टक्के लोकांना अपचनाचा त्रास झाला व ४ टक्के लोकांचे नाक चोंदले. सुमारे ३ टक्के लोकांच्या दृष्टीत फरक पडला. काहींना वस्तूंवर निळसर छटा दिसली, काहींना प्रकाश असह्य वाटला. डोळ्याच्या जालपटलात ह्याच कुळातील सहाव्या क्रमांकाचे एंझाइम असते व औषध त्यावरही किंचित परिणाम करते. हे परिणाम बहुधा काही तासांत ओसरतात.

काही उपद्रव विरळ, परंतु गंभीर आहेत. ताठरता ४ तासांहून अधिक टिकली तर इंद्रियातील पेशींना प्राणवायू मिळेनासा होतो आणि कायमची इजा होऊ शकते. अशा वेळी संकोच न करता तत्काळ रुग्णालय गाठले पाहिजे. एका किंवा दोन्ही डोळ्यांची दृष्टी अथवा कानाची श्रवणशक्ती अकस्मात जाण्याच्याही घटना नोंदल्या गेल्या आहेत. त्यास हे औषधच कारण असते असे सिद्ध झालेले नाही. तथापि असे काही घडल्यास औषध बंद करून वैद्याकडे धाव घेणे हाच शहाणपणा होय.

संयोग घातक का ठरतो?

आता पुन्हा हौदाकडे वळू. हृदयविकाराचे अनेक रोगी नायट्रेट वर्गातील औषधे घेतात. नायट्रोग्लिसरीन, आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट व आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेट ही त्यांची उदाहरणे. छातीत दुखू लागताच जिभेखाली ठेवावयाची सॉर्बिट्रेटची गोळी आपल्या देशात घरोघरी परिचित आहे. ती ह्याच वर्गातील. ही सर्व औषधे शरीरात नायट्रिक ऑक्साइड निर्माण करतात, म्हणजे नळ पूर्ण उघडतात. सिल्डेनाफिलने मोरी अगोदरच बंद केलेली असते. अशा स्थितीत सायक्लिक जीएमपी अनावर साठते, सर्व शरीरातील रक्तवाहिन्या एकदम सैल पडतात व रक्तदाब कोसळतो. एकट्या सिल्डेनाफिलने निरोगी माणसाचा वरचा रक्तदाब सरासरीने पाऱ्याच्या सुमारे ८ मिलिमीटरनी उतरतो; त्याचे बहुधा काही बिघडत नाही. दोन्ही औषधे एकत्र आली म्हणजे हा उतार कितीतरी मोठा होऊ शकतो. ज्या हृदयाच्या रोहिण्या आधीच अरुंद झाल्या आहेत, त्याला पुरेसे रक्त मिळेनासे होते. मूर्च्छा, हृदयाघात व मृत्यू ह्यांपैकी काहीही संभवते.

म्हणून नायट्रेटे घेणाऱ्याने ह्या वर्गातील कोणतेही औषध घेऊ नये, हा नियम निरपवाद आहे. आज नायट्रेट व उद्या सिल्डेनाफिल असा हिशेबही चालत नाही. नशेसाठी हुंगल्या जाणाऱ्या अमिल नायट्राइटासही हाच नियम लागू आहे.

खरा प्रसंग आणीबाणीत येतो. सिल्डेनाफिल घेतलेल्या माणसाच्या छातीत दुखू लागते. घरचे किंवा शेजारचे लोक सद्भावनेने त्याच्या जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवतात. रुग्णालयातही पहिला उपचार बहुधा नायट्रेटचाच होऊ शकतो. अशा वेळी रोग्याने लाजेपोटी मौन पाळले, तर उपचारच त्याचा घात करतो. कोणते औषध केव्हा घेतले, हे त्याने तेथे स्पष्ट सांगितले पाहिजे. सिल्डेनाफिल घेतल्यावर निदान २४ तास व टाडालाफिल घेतल्यावर निदान ४८ तास नायट्रेट देणे टाळतात. टाडालाफिल शरीरात फार काळ रेंगाळते. त्याची रक्तातील मात्रा निम्म्यावर येण्यास सुमारे साडेसतरा तास लागतात, तर सिल्डेनाफिलची सुमारे चार तासांत निम्मी होते. छातीत दुखू लागल्यास सर्व श्रम थांबवावे, घरातील नायट्रेटची गोळी घेऊ नये आणि विनाविलंब रुग्णालयात जावे.

इतर काळजी

अष्ठीला ग्रंथीच्या वाढीसाठी किंवा रक्तदाबासाठी दिली जाणारी टॅम्सुलोसिन, प्राझोसिन ह्यांसारखी औषधेही रक्तवाहिन्या सैल करतात. त्यांच्याबरोबर सिल्डेनाफिल घेतल्यास उठून उभे राहताच घेरी येण्याचा संभव असतो. फुप्फुसांतील वाढलेल्या रक्तदाबावरील रिओसिग्वाट ह्या औषधाबरोबर ते मुळीच देत नाहीत. यकृतातील ज्या एंझाइमाने सिल्डेनाफिलचे विघटन होते, त्याला केटोकोनॅझोल, इट्राकोनॅझोल, एरिथ्रोमायसिन व रिटोनाव्हिर ही औषधे अटकाव करतात. परिणामी नेहमीची मात्राही अधिक मात्रेसारखी वागते. वय ६५ च्या पुढे असल्यास, अथवा यकृत किंवा मूत्रपिंड दुर्बल असल्यास, वैद्य ५० ऐवजी २५ मिलिग्रॅमपासून आरंभ करतात. दिवसातून एकाहून अधिक मात्रा व एका वेळी १०० मिलिग्रॅमहून अधिक औषध घेऊ नये. गेल्या सहा महिन्यांत हृदयाघात किंवा पक्षाघात झालेल्यांस, आणि ज्यांचे हृदय समागमाचा श्रम सोसण्याइतके सुदृढ नाही अशांस, हे औषध देण्यापूर्वी हृदयाची तपासणी आवश्यक ठरते.

गुप्त व बनावट औषधे

भारतात सिल्डेनाफिल हे सूची ‘एच’ मधील औषध आहे. नोंदणीकृत वैद्याच्या चिठ्ठीवाचून ते विकता येत नाही. तरीही लाजेमुळे अनेक जण वैद्यास टाळतात आणि जाहिरातीतील ‘शक्तिवर्धक’ गोळ्यांचा आश्रय घेतात. ‘केवळ वनस्पतींपासून बनविलेले’ अशा नावाने विकल्या जाणाऱ्या कित्येक मालांत सिल्डेनाफिल किंवा त्याचे भाऊबंद गुप्तपणे मिसळलेले असतात, हे अनेक देशांच्या औषध प्रशासनांना तपासणीत आढळले आहे. नायट्रेट घेणारा रोगी ‘ही तर जडीबुटी’ अशा समजुतीने ती गोळी घेतो व नकळत संकटात सापडतो.

भेसळ ह्याहूनही विचित्र रूप घेऊ शकते. २००८ च्या पहिल्या पाच महिन्यांत सिंगापूर येथे मधुमेह नसलेल्या सुमारे १५० रोग्यांना रक्तातील साखर अतिशय उतरल्यामुळे रुग्णालयांत दाखल करावे लागले. त्यांतील अनेकांनी वापरलेल्या बेकायदा कामशक्तीच्या औषधांत मधुमेहावरील ग्लायबेनक्लामाइड सापडले. ह्या रोग्यांपैकी चौघे दगावले.

विकार हाच इशारा

वैद्याकडे जाण्याचे आणखी एक कारण आहे, व ते औषधापेक्षाही महत्त्वाचे आहे. जननेंद्रियाच्या रोहिण्या हृदयाच्या रोहिण्यांपेक्षा बारीक असतात. रोहिण्यांच्या भिंतींत मेदाचे थर साचू लागले की, अडथळा प्रथम ह्या बारीक वाहिन्यांत जाणवतो. म्हणून उत्थानदौर्बल्य हे कित्येकदा हृदयविकाराचे, किंवा ज्याचे निदान झालेले नाही अशा मधुमेहाचे, पहिले लक्षण असते. छातीत दुखण्यापूर्वी काही वर्षे ते दिसू शकते. जो माणूस चोरून गोळी घेतो, त्याचे लक्षण तात्पुरते झाकले जाते आणि मूळ रोग वाढत राहतो. जो वैद्याकडे जातो, त्याचा रक्तदाब, साखर व मेद ह्यांची तपासणी होते आणि हृदयाघात टाळण्याची संधी त्याला वेळेवर मिळते.

२००५ पासून सिल्डेनाफिल अमेरिकेत एका निराळ्या कामासाठीही मान्य आहे. फुप्फुसांच्या रोहिण्यांतील रक्तदाब वाढलेल्या स्त्रीपुरुषांना ते दिले जाते व त्यांचा श्वास थोडा मोकळा होतो. तेथे ते उघडपणे, नोंद ठेवून, मोजून घेतले जाते. औषध तेच, त्याची शरीरातील क्रियाही तीच. दोन्ही ठिकाणी रोग्याची सुरक्षितता एकाच गोष्टीवर अवलंबून असते : तो काय घेतो, हे त्याच्या वैद्यास ठाऊक असले पाहिजे.