पाइंट म्हणजे किती? : द्रवमापनाचा एक पाठ

द्रवपदार्थाला स्वतःचा आकार नसतो. ज्या भांड्यात तो ओतावा त्या भांड्याचा आकार तो घेतो. म्हणूनच त्याच्या मापासाठी मनुष्याने प्रथम भांडेच प्रमाण मानले. परंतु भांडी गावोगावी निराळी असत आणि एकाच नावाखाली निरनिराळी मापे रूढ होत. बिअरचा ‘पाइंट’ हे त्याचे उत्तम उदाहरण होय.

इंग्लंडमध्ये पूर्वी मद्यासाठी एक आणि बिअरसाठी दुसरा गॅलन वापरीत. राणी ॲनच्या कारकिर्दीत, १७०७ मध्ये, द्राक्षमद्याचा गॅलन २३१ घन इंच ठरविण्यात आला. बिअरचा गॅलन २८२ घन इंचांचा होता. १८२४ च्या कायद्याने ही दोन्ही मापे रद्द झाली आणि ६२ अंश फॅरनहाइट तापमानाचे १० पौंड पाणी जेवढी जागा व्यापते, तेवढा नवा गॅलन ठरला. अमेरिकेने मात्र जुना २३१ घन इंचांचा गॅलनच कायम ठेवला. दोन्ही देशांत गॅलनचा आठवा भाग म्हणजे पाइंट. पण गॅलनच भिन्न असल्यामुळे ब्रिटिश पाइंट सुमारे ५६८ मिलिलिटर, तर अमेरिकन पाइंट सुमारे ४७३ मिलिलिटर भरतो.

औंसाची गोष्ट याहून गमतीची आहे. ब्रिटिश पाइंटात २० द्रव औंस असतात, अमेरिकन पाइंटात १६. यावरून दोन्ही औंस सारखेच असावेत असा समज होतो. पण तो चुकीचा आहे. ब्रिटिश औंस २८.४ मिलिलिटर, तर अमेरिकन औंस २९.६ मिलिलिटर असतो. म्हणजे अमेरिकेचा पाइंट लहान, पण औंस किंचित मोठा! ऑस्ट्रेलियातील दक्षिण ऑस्ट्रेलिया राज्यात तर ‘पाइंट’ म्हणून ४२५ मिलिलिटरचा पेला मिळतो. भारतात १९५६ च्या कायद्याने दशमान पद्धती स्वीकारली गेली. तरीही ३३० मिलिलिटरच्या बाटलीला बोलण्यात ‘पाइंट’ म्हणतातच. नाव टिकले, माप बदलले.

आता फेसाचा विचार करू. दुधाच्या मापावरचा फेस पाहून गिऱ्हाइकाने कुरकूर करावी, हा अनुभव आपल्याला नवा नाही. पेला काठोकाठ भरला आणि त्यात ५ टक्के फेस असला, तर ब्रिटिश पाइंटात २८ मिलिलिटर, म्हणजे बरोबर एक औंस, द्रव कमी पडतो. ५० लिटरच्या पिंपातून पूर्ण द्रवाचे सुमारे ८८ पाइंट निघतात. फेसासह भरल्यास, सांडलवंड जमेस न धरता, ९२ पेले भरतात. वरच्या चार पेल्यांची किंमत गिऱ्हाईक फेसासाठी मोजतो. यावर उपाय म्हणून काही पेल्यांवर काठाखाली मापाची रेघ काढलेली असते. द्रव रेघेपर्यंत, फेस तिच्यावर. हा व्यवहार अधिक चोख होय.

तथापि, किती द्रव प्यालो एवढे कळल्याने हिशेब संपत नाही. त्यात मद्यार्क किती, हे कळणे अधिक महत्त्वाचे. रीत सोपी आहे. मिलिलिटरमधील मापास मद्यार्काच्या टक्केवारीने गुणावे आणि शंभराने भागावे. भारतात सामान्यतः मिळणारी ६५० मिलिलिटरची बाटली ५ टक्क्यांची असल्यास तीत ३२.५ मिलिलिटर शुद्ध मद्यार्क असतो. एक मिलिलिटर मद्यार्काचे वजन ०.७८९ ग्रॅम, म्हणून तो सुमारे २५.६ ग्रॅम झाला. तीच बाटली ८ टक्क्यांची असेल तर मद्यार्क ५२ मिलिलिटर, म्हणजे सुमारे ४१ ग्रॅम होतो.

हे आकडे ताडून पाहण्यासाठी ब्रिटनमध्ये १० मिलिलिटर मद्यार्काचे एक एकक मानतात आणि २०१६ पासून तेथील आरोग्यविषयक मार्गदर्शनानुसार आठवड्यात नियमितपणे १४ एककांहून अधिक घेऊ नयेत. ८ टक्क्यांच्या एका बाटलीत ५.२ एकके असतात. तीन बाटल्यांत ती मर्यादा ओलांडली जाते. जागतिक आरोग्य संघटनेने तर २०२३ मध्ये, मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यास सुरक्षित म्हणता येत नाही, असे स्पष्ट केले आहे.

‘एकच बाटली घेतली’ किंवा ‘दोनच पेले झाले’ असे म्हणणारा मनुष्य खोटे बोलत नसेल. पण तो काहीच सांगतही नसतो. पेला केवढा, द्रव कितपत आणि मद्यार्क किती टक्के, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावरच ते विधान मापाचे ठरते.