मोकळी चार घरे

पावसाची झड लागली, शेतातले काम थांबले, की ओसरीवर पत्त्यांचा डाव बसतो. चार गडी जमले की खेळ रंगतो. पण गडी एकच असला तर? एकट्याने खेळायचेही पत्त्यांचे खेळ आहेत. त्यांतल्या एका खेळाची ही हकीकत. खेळ एकट्याचा, पण तो वाढला अनेकांच्या हातून.

आधी खेळ समजून घेऊ.

पत्त्यांचा एक कॅट घ्या. जोकर बाजूला काढा. राहिले ५२ पत्ते. ते पिसा आणि तोंड वर करून आठ रांगांत मांडा. पहिल्या चार रांगांत सात-सात, पुढच्या चार रांगांत सहा-सहा. सात चोक अठ्ठावीस, सहा चोक चोवीस. २८ आणि २४ मिळून ५२. हिशेब जुळला.

सगळे पत्ते डोळ्यांसमोर आहेत. झाकलेले काहीच नाही. आता वरच्या बाजूला चार मोकळी घरे धरा. एका घरात एकच पत्ता ठेवता येतो. बाजूला चार थप्प्या लावायच्या आहेत : बदाम, चौकट, इस्पिक आणि किलवर. प्रत्येक थप्पी एक्क्यापासून राजापर्यंत चढवायची. चारही थप्प्या पुऱ्या झाल्या, की डाव सुटला.

रांगेतला शेवटचा पत्ताच उचलता येतो, तोही एका वेळी एकच. तो त्याच जातीच्या, एकाने मोठ्या पत्त्यावर ठेवायचा. म्हणजे इस्पिक सत्ती इस्पिक अठ्ठीवरच बसेल. तशी जागा नसेल तर पत्ता मोकळ्या घरात ठेवा. एखादी रांग रिकामी झाली तर तिथे कोणताही पत्ता चालतो. पण घरे चारच! विचार न करता ती भरून टाकली, की हात बांधले गेले.

आता हा खेळ आला कुठून ते पाहू.

१९२० नंतरच्या दहा वर्षांतली गोष्ट. एका इंग्रज माणसाने हा खेळ बेकर नावाच्या गृहस्थांना शिकवला. त्यांनी तो आपल्या मुलाला शिकवला. पुढे १९६८ च्या जून महिन्यात मार्टिन गार्डनर या लेखकांनी तो अमेरिकेतल्या 'सायंटिफिक अमेरिकन' या मासिकात छापला. नियम लिहिले, आणि खेळ कोणाकडून कोणाला मिळाला तेही लिहिले. म्हणून आज आपल्याला ही साखळी ठाऊक आहे. बेकर यांचे नाव राहिले. पण त्या इंग्रजाचे नाव तिथे लिहिलेले नाही. ज्याने खेळ दिला, त्याचेच नाव गेले!

बेकर यांचा खेळ कठीण होता. चार डावांतला सुमारे एक डाव कितीही डोके चालवा, सुटतच नाही. १९७८ साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात पॉल अल्फिल नावाचा डॉक्टरकी शिकणारा विद्यार्थी होता. त्याने एकच नियम बदलला. जात जुळवायची नाही, रंग आलटून-पालटून लावायचा. काळ्यावर लाल, लालवर काळा. आता इस्पिक सत्तीला एकाऐवजी दोन जागा झाल्या : बदाम अठ्ठी आणि चौकट अठ्ठी. एवढ्या फरकाने जवळजवळ सगळे डाव सुटू लागले. तरी डोके लावावे लागतेच. त्याने हा खेळ संगणकावर बसवला. त्याचे नाव पडले 'फ्रीसेल', म्हणजे मोकळे घर.

पुढे जिम हॉर्न यांनी तो मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या संगणकांसाठी तयार केला. १९९५ पासून तो 'विंडोज'बरोबर घरोघरी गेला. त्यात ३२,००० डाव होते आणि प्रत्येक डावाला नंबर होता. त्यामुळे एक मित्र दुसऱ्याला म्हणू शकत असे, "बाबा रे, या नंबरात मी अडकलो. तू बघ जरा."

मग प्रश्न निघाला. हे सगळे डाव सुटतात का?

१९९४ साली डेव्ह रिंग यांनी माणसे गोळा केली. शंभरावर लोक पुढे आले. एकेकाने शंभर-शंभर डाव वाटून घेतले. कोणाला एखादा सुटला नाही, तर तो दुसऱ्याकडे दिला. दुसऱ्याला जमला नाही, तर तिसऱ्याकडे. १९९५ च्या एप्रिलपर्यंत काम संपले. ३२,००० पैकी फक्त एक डाव उरला. त्याचा नंबर ११९८२. पुढे संगणकाने त्याच्या सगळ्या वाटा तपासल्या. तो खरोखरच सुटत नाही.

कोणी म्हणेल, "पत्ते म्हणजे नशिबाचा खेळ. हाती वाईट आलं, तर माणूस काय करणार?" या खेळापुरते उत्तर आकड्यांत आहे. पत्ते कसे पडतील, ते आपल्या हाती नाही हे खरे. पण ३२,००० डावांत नशिबाने अडलेला डाव एकच होता. बाकीचे ३१,९९९ डाव कोणाला ना कोणाला सुटले. एकाने "हे होणार नाही" म्हणून सोडलेले डाव दुसऱ्याने सोडवले. आणि जो खरोखर सुटत नव्हता, तोही सर्वांनी मिळून पाहिल्यावरच कळला.

पुढच्या झडीत हा खेळ मांडून पाहा. पैसा लावू नका, यात त्याची गरजच नाही. अडलात तर शेजाऱ्याला बोलवा.

विचारा आणि सांगा

१. मोकळी घरे किती? ती लवकर भरली तर काय होते?
२. अल्फिल यांनी कोणता नियम बदलला?
३. बेकर यांचे नाव राहिले, इंग्रजाचे गेले. असे का झाले?
४. तुम्ही एखादा खेळ किंवा कसब कोणाकडून शिकलात? त्या माणसाचे नाव वहीत लिहा.