गार्म कुत्र्याची गोष्ट

मित्रांनो, ऋग्वेदात यमाचे दोन कुत्रे आहेत, चार-चार डोळ्यांचे! युरोपात उत्तरेकडच्या नॉर्स लोकांच्या पुराणातही असाच एक भयंकर कुत्रा आहे. त्याचे नाव गार्म.

तो एका गुहेपुढे बांधलेला असतो. जगाचा शेवट जवळ आला की तो मोठ्याने भुंकतो आणि बंधन तोडून सुटतो. मग टीर देवाशी त्याची झुंज होते. टीरला एकच हात. दुसरा फेनरीर लांडग्याला बांधताना गेलेला. तरी तो मागे हटत नाही.

कोण जिंकलं? कोणीच नाही. दोघेही मरतात. पण पुढे समुद्रातून नवी हिरवीगार धरती वर येते.

आइसलँडच्या स्नोरी स्टुर्लुसन यांनी सुमारे १२२० साली ही कथा लिहून ठेवली, म्हणून ती आज आपल्याला वाचायला मिळते.