हळदीच्या अर्काभोवतीचं वर्तुळ

प्रश्न : सांगलीच्या हळदीच्या अल्कोहोलमधल्या अर्काभोवती जंतू वाढवलेल्या प्लेटवर स्वच्छ वर्तुळ आलं, पाण्यातल्या अर्काभोवती काहीच नाही. पाण्यातला अर्क निरुपयोगी समजायचा का?
– बी.एस्सी. विद्यार्थिनी, कराड (जि. सातारा)

उत्तर : इतक्यात निकाल नको. हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. ते गाळणकागदावरच राहिलं असणार. पण शेजारच्या खाचेत नुसतं अल्कोहोल घातलं होतं का? तेही जंतू मारतं! अर्क सुकवून डीएमएसओ या द्रावकात विरघळवा आणि नुसत्या डीएमएसओची खाच ठेवाच. वर्तुळाच्या मिलिमीटरवर भाळू नका. कर्क्युमिन आगरमध्ये नीट पसरत नाही. त्यापेक्षा अर्क दर नळीत निम्मा पातळ करत, वाढ रोखणारं सर्वांत कमी प्रमाण शोधा. स्टॅफिलोकॉकस या जिवाणूपेक्षा ई. कोलाय चिवट निघेल, त्याला बाहेरून एक जादा आवरण असतं. कॅन्डिडा ही बुरशी. तिच्यासाठी सबुरो आगर घ्या.