बैतुलमाल आणि जाहिरातीतला चेहरा

कुरआनने उधळपट्टीसाठी दोन शब्द वापरले आहेत. योग्य कामात मर्यादेबाहेर खर्च करणे म्हणजे ‘इसराफ’, आणि जेथे खर्च करूच नये तेथे करणे म्हणजे ‘तबजीर’. तबजीरच्या धातूचा मूळ अर्थ बी विखुरणे असा आहे. जमीन न पाहता मूठमूठ बियाणे फेकत सुटलेला शेतकरी डोळ्यांसमोर आणा. (आपल्या मराठीतले ‘उधळणे’ही गुलालाला लागते आणि बेफाम घोड्यालाही.) सूरह बनी इसराईलमध्ये अशा लोकांचे नाते थेट सैतानाशी जोडले आहे.

वाचकहो, हा इशारा आपण बहुधा लग्नाच्या जेवणावळीपुरता सांगतो. मिंबरवरून मीही तेच करत आलो. पण स्वतःचा पैसा उधळणाऱ्याची ही गत, तर लोकांचा पैसा उधळणाऱ्याची काय?

ह. उमर (रजि.) बैतुलमालसंबंधी स्वतःला अनाथाच्या पालकाच्या जागी मानत. गरज नसेल तर त्याला हात लावायचा नाही, गरज असेल तर रीतीपुरतेच घ्यायचे. आज बैतुलमाल नाही, सरकारी तिजोरी आहे. पण अमानत तीच आहे. पापड लाटून घर चालवणारी विधवा आयकर भरत नसेल, तरी साबणाच्या वडीवर ती कर भरतेच.

आता एक उदाहरण पाहा. जिवंत पुरल्या जाणाऱ्या मुलींना इस्लामने अभय दिले. म्हणून ‘बेटी बचाओ, बेटी पढाओ’ या योजनेचा हेतू आपल्याला परका नाही. २०१५ साली ती सुरू झाली. महिला सक्षमीकरणविषयक संसदीय समितीने डिसेंबर २०२१ मध्ये तिचा अहवाल मांडला. २०१६ ते २०१९ या काळात दिलेल्या ४४६.७२ कोटी रुपयांपैकी ७८.९१ टक्के रक्कम केवळ प्रसारमाध्यमांतील प्रचारावर खर्च झाली होती. म्हणजे सुमारे साडेतीनशे कोटी. हा विरोधकांचा आरोप नव्हे. समितीच्या अध्यक्ष नंदुरबारच्या खासदार हीना गावित होत्या, सत्ताधारी पक्षाच्याच. लोकांची मने बदलायची तर प्रचार लागतो, हे खरे. पण आता पैसा मुलींच्या शिक्षणावर आणि आरोग्यावर नियोजनपूर्वक खर्च व्हावा, असे त्याच समितीने सांगितले.

सरकारी जाहिरातींवर सर्वोच्च न्यायालयानेही १३ मे २०१५ रोजी बंधन घातले होते. छायाचित्र राष्ट्रपती, पंतप्रधान आणि सरन्यायाधीश यांचेच असावे, असा तो निर्णय होता. मार्च २०१६ मध्ये राज्यपाल, मुख्यमंत्री आणि मंत्री यांनाही मुभा मिळाली.

येथे मला इब्नुल लुतबिय्या आठवतो. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्याला जकात गोळा करण्यास पाठविले होते. परतल्यावर त्याने मालाचे दोन भाग केले: एक तुमचा आणि एक मला भेट मिळालेला. प्रेषितांनी (स.) मिंबरवर उभे राहून सर्वांसमोर विचारले, की हा आपल्या आईवडिलांच्या घरी बसून राहिला असता तर ही भेट त्याच्याकडे चालून आली असती का. पूर्ण पानाच्या जाहिरातीतील प्रत्येक चेहऱ्याला, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, हाच प्रश्न लागू पडतो. पद नसते तर हे पान त्याला फुकट मिळाले असते का?

हा प्रश्न विचारण्याची वाटही उपलब्ध आहे. ग्रामसभेत हिशेब मागता येतो. माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट पुरते. आपण ते लावत नाही, कारण हिशेब मागण्याची आणि देण्याची सवय आपल्यालाही नाही.

मागे एका जुम्याला मी ह. उमर बिन अब्दुल अजीज (रह.) यांचा दिवा सांगितला. राज्याचे काम संपून घरगुती बोलणे सुरू होताच ते सरकारी तेलाचा दिवा विझवीत, असे सांगतात. नमाजनंतर एका बुजुर्गांनी हळूच विचारले, “मौलाना, तुमच्या हुजऱ्यातली इस्त्री कोणाच्या मीटरवर चालते?” मीटर मशिदीचे होते. त्या महिन्यापासून मी चंद्याच्या पेटीत पन्नास रुपये टाकतो, आणि ते वहीत लिहिलेले असतात.