झोपमोड रात्रीच्या कोणत्या प्रहरी होते?

झोपेची तक्रार घेऊन येणारा रुग्ण किती तास झोप लागली हे आवर्जून सांगतो. त्रास रात्रीच्या कोणत्या भागात झाला हे मात्र क्वचितच सांगतो, आणि निदानाच्या दृष्टीने पुष्कळदा तेच अधिक मोलाचे असते. झोप ही एकसंध अवस्था नसून एका रात्रीत मेंदू जाणिवेच्या वेगवेगळ्या पातळ्यांमधून ठरावीक क्रमाने जात असतो, आणि प्रत्येक पातळीचे विकारही निराळे असतात.

डोळे मिटून स्वस्थ पडलेल्या, पण जाग्या माणसाच्या मेंदूत सेकंदाला ८ ते १३ आवर्तनांच्या अल्फा लहरी दिसतात. त्या विरळ होऊ लागल्या की पहिला टप्पा, म्हणजे डुलकी, सुरू होतो. या वेळी कोणी हाक मारली तर ‘जागाच होतो’ असे माणूस प्रामाणिकपणे सांगतो. रात्रीचा जवळजवळ निम्मा काळ व्यापणाऱ्या दुसऱ्या टप्प्यात हृदयाची गती व शरीराचे तापमान उतरते, तर तिसऱ्या, म्हणजे गाढ झोपेच्या, टप्प्यात संथ आणि उंच डेल्टा लहरी उमटतात व मुलांच्या वाढीला आवश्यक असे संप्रेरक मोठ्या प्रमाणात स्रवते. यानंतर येते ती ‘रेम’ झोप. शिकागो विद्यापीठातील यूजीन असेरिन्स्की आणि नॅथानिएल क्लाइटमन यांनी १९५३ साली तिचे वर्णन प्रसिद्ध केले. तिच्यात मिटलेल्या पापण्यांखाली डोळे वेगाने हलतात, मेंदूचा आलेख जागेपणीच्या आलेखासारखा दिसतो, ठसठशीत स्वप्ने पडतात आणि तरीही श्वासपटल व डोळ्यांचे स्नायू वगळता शरीराचे बहुतेक ऐच्छिक स्नायू निश्चल झालेले असतात. मांडूक्य उपनिषदाने जागृती, स्वप्न व सुषुप्ती या अवस्था वेगळ्या मानल्या, हे या संदर्भात लक्षणीय आहे. मात्र स्वप्ने रेमबाहेरही पडत असल्यामुळे त्या अवस्थांची प्रयोगशाळेतील टप्प्यांशी नेमकी जोडी लावणे योग्य होणार नाही.

या सर्व टप्प्यांचे एक आवर्तन सुमारे ९० मिनिटांचे असते व रात्रीतून चार ते सहा वेळा घडते. परंतु पूर्वरात्रीच्या आवर्तनांत गाढ झोपेचा आणि उत्तररात्रीच्या आवर्तनांत रेमचा वाटा मोठा असतो. म्हणून रात्री बाराला झोपून पहाटे चारला अभ्यासाला उठणारा विद्यार्थी गाढ झोप बरीचशी मिळवतो, रेमचा मोठा भाग मात्र गमावतो. दुपारची वामकुक्षी वीसेक मिनिटांची असल्यास हुशारी येते आणि तासभर लांबल्यास डोके जड होते, यालाही गाढ टप्प्यातून अर्धवट जाग येणे हेच कारण आहे. मद्याने झोप लवकर लागते हे खरे, पण ते पूर्वरात्रीची रेम दडपते आणि उत्तररात्र विस्कळीत करते, त्यामुळे झोपेसाठी मद्याचा आधार घेणे सर्वथा अयोग्य होय.

निजल्यावर पहिल्या दोन-तीन तासांत मूल किंचाळून उठते, कोणाला ओळखत नाही आणि सकाळी त्याला काहीच आठवत नाही, तेव्हा तो गाढ झोपेतून अर्धवट जागे होण्याचा प्रकार असतो. त्याला हलवून जागे करण्याचा खटाटोप न करता इजा होणार नाही एवढे पाहावे, कारण वयानुसार हा त्रास बहुधा आपोआप ओसरतो. पहाटे घाबरून उठलेले आणि स्वप्न सविस्तर सांगणारे मूल मात्र दुःस्वप्नातून जागे झालेले असते व त्याला जवळ घेऊन धीर देणे हाच उपाय असतो. जाग आल्यावरही हातपाय हलत नाहीत व छातीवर कोणी बसल्यासारखे वाटते, या अनुभवाला भुताटकी समजून अनेक कुटुंबे व्यर्थ भयभीत होतात. जाणीव परतली तरी रेममधील स्नायूंची निश्चलता काही क्षण टिकून राहते, एवढेच त्यात घडते. जागरण व उताणे झोपणे टाळल्यास हा प्रकार पुष्कळ कमी होतो. दिवसाही अनावर झोप येत असेल तर मात्र तपासणी करून घ्यावी.

याच्या उलट, रेममध्ये स्नायू निश्चल न होणे ही अधिक गंभीर बाब आहे. पन्नाशीनंतर, विशेषतः पुरुषांमध्ये, उत्तररात्री स्वप्नाबरहुकूम लाथा मारणे, ओरडणे किंवा पलंगावरून उडी घेणे असे प्रकार दिसू लागतात. मिनेसोटातील कार्लोस शेंक आणि मार्क माहोवाल्ड यांनी १९८६ साली या विकाराचे वर्णन केले. यातील बऱ्याच रुग्णांमध्ये पुढे, कधी कधी अनेक वर्षांनी, पार्किन्सनसारखे मेंदूचे आजार आढळून येतात, त्यामुळे ‘वयोमानाने होते’ म्हणून तो सोडून देऊ नये. काही नैराश्यविरोधी औषधांमुळेही असे घडू शकते, तेव्हा चालू असलेल्या औषधांची यादी सोबत घेऊन, औषधे स्वतःहून बंद न करता, मेंदूविकारतज्ज्ञांना भेटावे, आणि शक्यतो रात्री शेजारी झोपणाऱ्या व्यक्तीलाही बरोबर न्यावे; प्रकार किती वाजता आणि कसा घडला हे तीच नेमके सांगू शकते.